मोकळी भूमी, सोडतीतली सोबत

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. तिचे आणखी एक नाव आहे, ते द्यूतप्रतिपदा. ह्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट मांडून बसले आणि शंकर हरले, अशी कथा सांगतात. त्या कथेच्या आधाराने वर्षातून एक दिवस फासे हाती घ्यावयास परंपरेने मोकळीक दिली. ही योजना मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. नशीब अजमावून पाहण्याची ओढ माणसाच्या मनातून जात नाही. तेव्हा तिला एक दिवस नेमून द्यावा, घरच्या मंडळींत बसवावे, आणि लगेच दुसऱ्या दिवशी भाऊबीज ठेवावी!

दिवाळीतला दुसरा एक खेळ अगदी निराळ्या जातीचा. अंगणात दगडमाती रचून मुले किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरूज काढतात, बाजारातून आणलेले मातीचे मावळे पहाऱ्यावर उभे करतात. ह्या खेळात हार नाही आणि जीतही नाही. एक छोटे जग डोळ्यांपुढे उभे राहते, आणि मान वाकडी करून, जमिनीशी गाल टेकून मुले त्या जगाच्या वाटांवरून मनाने चालू लागतात, एवढाच त्यातला आनंद. पण तो थोडा नव्हे.

एक खेळ नशिबाचा, दुसरा नजरेचा. हे दोन्ही खेळ एकाच पोटात घेऊन बसलेली एक कृती गेले अडीच महिने मी खेळतो आहे. तिचे नाव 'गेन्शिन इम्पॅक्ट'. दिवाळी अंकात मोबाइलवरच्या खेळाचे परीक्षण कशाला, असे काही वाचक म्हणतील. ज्या कृतीत चित्र आहे, संगीत आहे, कथा आहे, पात्रे आहेत, आणि जी आपल्या अनेक घरांतून मुलांच्या हाती कादंबरीपेक्षा अधिक वेळ असते, तिच्याकडे रसिकाने पाठ फिरवावी हे मला काही बरे दिसत नाही. तिला नावे ठेवावयाची झाली तरी आधी ती पाहिली पाहिजे. आणि पाहिली तर तिच्यात वाखाणण्याजोगेही पुष्कळ सापडते. ते आधी सांगतो.

शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठातल्या तिघा विद्यार्थ्यांनी २०१२ साली मिहोयो नावाची कंपनी काढली. तिने हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर एकाच वेळी खुला केला. तो संगणकावर, प्लेस्टेशनवर आणि खिशातल्या फोनवरही चालतो. उतरवून घ्यावयास पैसे पडत नाहीत. माझ्या भाचीने तो माझ्या टॅब्लेटवर बसवून दिला आणि 'मामा, तुला पहिला आठवडा काही सांगणार नाही, तूच हिंड' असे म्हणून ती निघून गेली. ह्याहून चांगली प्रस्तावना कोणत्याही कलाकृतीला मिळू नये.

आरंभ साधा आहे. जगामागून जगे पालथी घालीत हिंडणारी दोन जुळी भावंडे. एका अनोळखी देवतेशी त्यांची गाठ पडते, झटापटीत ताटातूट होते, आणि त्यांतले एक तेवात नावाच्या परक्या भूमीत एकटे मागे राहते. आपण भाऊ व्हावयाचे की बहीण, हे खेळणाऱ्याने आरंभीच ठरवावयाचे. मी बहीण घेऊन निघालो. भावाला शोधणारी बहीण आपल्या मनाला लवकर भावते. सोबतीला पैमोन नावाचे एक तरंगते, खादाड, अखंड बडबडे पोर असते. ही तुझी कोण, असे कोणी विचारले म्हणजे 'अडीअडचणीला खावयास ठेवली आहे' असे उत्तर देण्याची सोय खेळाने केली आहे. त्या विनोदावर मी मनापासून हसलो. पुढे पैमोनची बडबड मात्र कानांना जड होते. संस्कृत नाटकातला विदूषक एकूणएक प्रवेशांत रंगभूमीवर असता आणि नायकाच्या वाटची वाक्येही तोच बोलता, तर जे वाटले असते ते इथे वाटते.

परंतु पहिल्या अर्ध्या तासात आपले लक्ष पैमोनकडे नसतेच. समुद्रकाठचा चढ चढून आपण वर येतो आणि भूमी उलगडते. खाली सरोवर, त्यातल्या बेटावर देवाची मूर्ती, आणि पलीकडे दूर पवनचक्क्यांचे मोंडस्टाट शहर. गवत वाऱ्याने एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलते आहे. इथे खेळाचा पहिला आणि सर्वांत मोठा नियम आपल्याला न सांगता कळतो: जे दिसते तिथे जाता येते. रंगभूमीच्या पडद्यावर रंगवलेला डोंगर लांबूनच शोभतो. जवळ गेले की कापड. इथला डोंगर हातापायांनी पाहावयाचा आहे. कड्याला भिडावे, वर चढू लागावे. बाजूला दमाची एक पिवळी कमान दिसते आणि ती झिजत जाते. ती संपायच्या आत बसावयास एखादी कपार मिळाली नाही, तर हात सुटतो. सह्याद्रीत ज्यांनी तंगड्या तोडल्या आहेत त्यांना ह्यातली गंमत सांगावयास नको. चढणारा माणूस डोंगराकडे निराळ्या डोळ्यांनी पाहतो. कुठे टेकता येईल, कुठून वळसा घेता येईल, ह्याचा हिशेब करता करता त्याला त्या डोंगराचा घाट पाठ होतो. खेळाने ती नजर पडद्यावर आणली आहे, आणि मी तिला कलेचे यश म्हणतो. पुढे अँबर नावाची शहराची रखवालदार मुलगी आपल्याला पंख देते, आणि चढून मिळवलेली उंची वाऱ्यावर तरंगत हळूहळू खर्च करता येते. चढावाचे कष्ट आणि उताराचे सुख ह्यांचा तोल इतका नेमका आहे की संध्याकाळच्या तांबूस उजेडात मी कित्येकदा काही काम नसता नुसता वर चढलो आणि खाली उतरलो.

आपल्या पंचमहाभूतांच्या जागी तेवातमध्ये सात तत्त्वे आहेत: वारा, दगड, वीज, वनस्पती, पाणी, अग्नी आणि हिम. सोबतीच्या प्रत्येकाजवळ ह्यांतले एक असते, आणि चौघांचा संघ करून, एकामागून एक पुढे होऊन ही तत्त्वे एकमेकांशी भिडवावयाची. गवताला आग लागते आणि वारा तिला पसरवतो. भिजलेल्या शत्रूला हिमाचा स्पर्श झाला तर तो गोठतो. ह्याला लढाईचे व्याकरण म्हणावयास हरकत नाही, कारण थोडे नियम आणि त्यांतून निघणारी अगणित वाक्ये असा हा प्रकार आहे. पण मला त्याचा उपयोग लढाईबाहेर अधिक आवडला. कैया नावाच्या सरदाराजवळ हिमतत्त्व आहे. तळ्याच्या काठी उभे राहून त्याने थंडीचा एक फटकारा मारला की तेवढे पाणी गोठते. त्यावर चार पावले टाकावी, पुन्हा फटकारा मारावा, पुन्हा चार पावले. अशा रीतीने मी एक आख्खे तळे पायी ओलांडले. पलीकडे काही नव्हते, बक्षीस नव्हते, शाबासकी नव्हती. ह्या अडीच महिन्यांतला तो माझा सर्वांत सुखाचा अर्धा तास.

संगीताविषयी दोन शब्द. संगीतकार चेन यू-पेंग ह्यांनी मोंडस्टाटचे संगीत लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले, आणि पुढच्या लियुए देशाचे शांघाय सिंफनीकडून. लियुएत शिरताना पाश्चात्त्य वाद्यवृंदात चिनी बासरी आणि तंतुवाद्ये मिसळू लागतात, आणि नकाशा न पाहताच सीमा ओलांडल्याचे कानांना कळते. हे काम जाणत्या माणसांचे आहे.

ह्या साऱ्यावर उसनवारीचा आरोप झाला, आणि तो निराधार नाही. निन्टेन्डोचा 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ मार्च २०१७ मध्ये आला. कडा चढणे, दम झिजणे, पंखांवर उतरणे, रानात फळे वेचून शिजवणे हे सारे त्यात आधीच आहे. पण मला उसनवारीपेक्षा फरक बोलका वाटतो. झेल्डात पाऊस आला की कडा निसरडा होतो आणि चढणारा खाली घसरतो. तलवारी वापरून वापरून मोडतात. तेवातमध्ये पावसात कुणी घसरत नाही आणि तलवार कधी मोडत नाही. झेल्डा एकदा किंमत मोजून घ्यावयाचा खेळ आहे; पैसे देऊन आत आलेल्या पाहुण्याला थोडे भिजवले तरी चालते. गेन्शिन फुकट आहे. फुकट आलेला पाहुणा रागावून केव्हाही उठून जाईल, म्हणून त्याला भिजू द्यावयाचे नाही. त्या कोरड्या पावसात ह्या खेळाचा व्यवहार मला प्रथम दिसला.

आता त्या व्यवहाराकडे येतो. जपानात १९६०च्या दशकापासून दुकानांच्या दाराशी एक यंत्र दिसू लागले. नाणे टाकून मूठ फिरवली की 'गाचा' असा आवाज होतो, आणि आत बाहुले असलेला गोळा 'पोन' करून खाली पडतो. कोणते बाहुले, ते गोळा उघडल्यावर कळावयाचे. त्या आवाजावरून गाचापोन, आणि त्यावरून ह्या सबंध जातीच्या खेळांना गाचा हे नाव पडले. आपल्या किल्ल्यावर बेतून सांगतो. मावळे घ्यावयास आपण बाजारात गेलो. मांडलेल्या रांगेतून भालेवाला हवा, तुतारीवाला हवा, असे बोट दाखवून घेतो. समजा विक्रेत्याने सांगितले की बोट दाखवावयाचे नाही; पैसे ठेवा, मी बंद पुडी देईन. हजार पुड्यांत सहांमध्ये शिवाजी महाराज आहेत. बाकीच्यांत बहुतेक मोडक्या तलवारी!

गेन्शिनमधला हिशेब हाच आहे, आणि तो खेळाने स्वतःच छापलेला आहे. एक सोडत काढावयास १६० रत्ने लागतात. तिला तिथे 'विश' म्हणजे इच्छा म्हणतात. सर्वोच्च, पंचतारांकित पात्र निघण्याचा संभव दर सोडतीस ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. दहा सोडती एकदम काढल्या तरी शंभरातल्या ९४ जणांना ते मिळणार नाही, असे गणित सांगते. मात्र ८९ वेळा रिकामे गेले तर नव्वदाव्या वेळी ते नक्की मिळते. तेसुद्धा आपल्याला हवे असलेलेच असेल, ह्याची खात्री निम्म्याच्या आसपास. हुकले तर पुढल्या खेपेस हमी. ह्या हमीला खेळणारी मुले 'पिटी' म्हणतात. 'मामा, तुझी पिटी किती झाली?' असे भाचीने मला विचारले, तेव्हा माझी कीव करण्याजोगे काय झाले हे मला क्षणभर उमगेना.

रत्ने पैसे देऊन घेता येतात, आणि खेळून मिळवताही येतात. रोज चार किरकोळ कामे केली की ६० मिळतात. नुसत्या त्याच मिळकतीवर नव्वद सोडतींना २४० दिवस लागावेत. उत्सवांत आणि पेट्यांत आणखी मिळतात, म्हणून प्रत्यक्षात कमी. आपली भिशी आठवा. भिशीतही दर महिन्याला चिठ्ठी निघते, आणि आपली पाळी कधीतरी येतेच. पण भिशीत पैसा आपलाच असतो आणि तो फिरून घरी येतो. इथे पाळी येते, पैसा येत नाही.

सोडतीचा विधी मोठा देखणा आहे, हेही नमूद केले पाहिजे. रात्रीचे आकाश, त्यातून ओघळणारा तारा. निळा असला तर सामान्य, जांभळा झाला तर बरा, सोनेरी झाला तर भाग्य. सबंध खेळात कारागिरांनी इतकी नजाकत क्वचितच दुसरीकडे ओतली असेल. देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा दानपेटी अधिक कोरीव असावी, तसे काहीसे.

ह्यावर नीतीचे प्रवचन करणे सोपे आहे. मला त्याहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ही सोडत खेळाच्या तळाशी स्वस्थ बसून राहत नाही. ती वर येते आणि कथेचा, पात्रांचा, एवढेच काय पण त्या सुंदर भूमीचाही घाट बदलून टाकते.

मोंडस्टाटची कथा घ्या. ड्वालिन नावाचा एक महासर्प शहरावर वादळे आणतो आहे. पुढे कळते की हा एके काळचा त्या शहराचा रक्षक. शहरासाठीच लढताना विष अंगी भिनले आणि लोक त्याला विसरले. त्याला मारावयाचे नाही, त्याच्या पाठीवरचे विषाचे गड्डे फोडून त्याला मोकळे करावयाचे. शत्रू हा दुखावलेला मित्र निघावा, ही कल्पना जुनी असली तरी खरी आहे, आणि ती इथे चांगली उतरली आहे. ह्या साऱ्या प्रवासात व्हेंटी नावाचा गायक आपल्याबरोबर असतो. तो प्रत्यक्ष वायुदेवच आहे. ड्वालिन मोकळा होतो, आपण आणि व्हेंटी एकमेकांचे मित्र होतो, आणि अध्याय संपताच लक्षात येते की व्हेंटी आपल्या संघात नाही. तो हवा असेल तर त्याच्या नावाची सोडत लागेल त्या दिवसांत १६० रत्ने घेऊन उभे राहावयाचे. कथेत जी मैत्री कमावली तिचा सोडतीत काही उपयोग नाही. उलट ज्याने कथेचा एक शब्द वाचला नाही त्याला तो पहिल्याच फटक्यात मिळेल.

कथेत सोबत कशी जुळते? वनवासात बरोबर आलेला लक्ष्मण रामाचा का, ह्याला कारण असते. तो बरोबर आहे म्हणून पुढच्या गोष्टी घडतात. इथे लेखकाला कोणतेही पात्र आपल्या संघात असेल असे गृहीत धरताच येत नाही, कारण ते कोणाच्या नशिबात आहे हे त्याला ठाऊक नाही. म्हणून जो तो पात्र कथेत पाहुणा म्हणून येतो, आपली ओळख करून देतो, आपले दुःख सांगतो आणि निघून जातो. वास्तविक ही ओळख म्हणजे त्याच्या सोडतीची जाहिरात होऊन बसते. ज्याची सोडत लावावयाची त्याला कुरूप, कंटाळवाणा किंवा अप्रिय करणेही अवघड. त्यामुळे पात्रे एकेकटी पाहिली तर रेखीव आहेत. एकत्र पाहिली तर दुकानाच्या काचेआड ओळीने उभी असल्यासारखी दिसतात.

नवख्यांसाठी असलेल्या सोडतीत पहिल्या दहांत नोएल नावाची मुलगी हटकून निघते. ती सरदारांच्या वाड्यावर मोलकरणीचे काम करते आणि आपणही सरदार व्हावे म्हणून रात्रंदिवस राबते. सगळ्यांना मिळते म्हणून बरेच खेळणारे तिला किरकोळ समजतात. कष्टाने वर येऊ पाहणारी मुलगी स्वस्त आणि जन्मजात तेजस्वी लोक महाग, ही किंमत कथेने लावलेली नाही, सोडतीने लावली आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात ती कथेवरच उमटते.

सभापर्वात युधिष्ठिराने भाऊ पणाला लावले, स्वतःला लावले, शेवटी द्रौपदीला लावले, आणि त्या एका डावातून सबंध भारत पेटले. माणूस पणाला लावता येत नाही, हे सांगावयास व्यासांना अठरा पर्वे लागली. गाचात फासे उलटे पडतात: इथे माणूस पणाला लागत नाही, तो बक्षीस म्हणून ठेवलेला असतो. बाहुली आहेत, खरी माणसे नव्हेत, हे मला कळते. पण त्यांना माणसे मानावे, त्यांच्यावर जीव लावावा, ह्यासाठीच तर कथा, आवाज आणि संगीत ह्यांचा एवढा खटाटोप केला आहे. जीव लावल्याशिवाय सोडत खपत नाही.

आणि आता ती भूमी. रानात ठिकठिकाणी पेट्या दडवलेल्या आहेत. पेटीत दोन-पाच रत्ने असतात. पहिल्या आठवड्यात मी टेकडी पलीकडे काय आहे ते पाहावयास चढत होतो. तिसऱ्या आठवड्यात टेकडी दिसली की वर पेटी असेल का, असा प्रश्न आधी मनात येऊ लागला, आणि कोपऱ्यातला छोटा नकाशा सूर्यास्तापेक्षा अधिक पाहिला जाऊ लागला. भूमी तीच होती, उजेड तोच होता. नजरेची मजुरी सुरू झाली होती. गोठलेल्या तळ्यावरचा माझा अर्धा तास निर्भेळ सुखाचा झाला, तो पलीकडे काही मिळावयाचे नव्हते म्हणून.

वेळेचेही तेच. खेळात रेझिन नावाचा एक साठा असतो. मोठ्या शत्रूंना हरवून सामान घ्यावयाचे तर तो खर्च करावा लागतो. त्याची मर्यादा आरंभी १२० होती, मग १६० झाली, २०२४ साली २०० झाली. दर आठ मिनिटांनी एक थेंब भरतो. रिकामे भांडे भरावयास २६ तास ४० मिनिटे. भरल्यावर पुढचे थेंब वाया. कादंबरी आपल्यासाठी उशाशी थांबून राहते. हा खेळ थांबत नाही. विहिरीवर पाळी लावल्यासारखे रोज यावे लागते.

मग लेखक मंडळींना हे कळत नाही का? मला वाटते, कळते. लियुएचा देव मोरॅक्स हा करारांचा देव. तेवातचे चलनही त्याच्याच नावाने चालते. वार्षिक सोहळ्यात तो आकाशातून मरून पडतो, आणि सारे नगर हादरते. पुढे उघड होते की तो मेला नाही. आपल्यावाचून लोकांना राज्य चालवता येते का, हे पाहावयास त्याने आपला मृत्यू घडवून आणला, आणि झोंगली हे नाव घेऊन तो अंत्यसंस्काराच्या एका पेढीवर सल्लागार म्हणून काम करतो आहे. आता गंमत अशी की हा चलनाचा जन्मदाता बाहेर पडताना पैसे बरोबर घ्यावयास नेहमी विसरतो. वस्तू पारखावी, उत्तम ती निवडावी, आणि देणे दुसऱ्यावर टाकून पुढे चालावे! ज्याने हा देव कल्पिला त्या लेखकाला आपण कोणाच्या दुकानात बसून लिहितो आहोत ह्याची पुरती जाण असली पाहिजे. ह्या चित्रणातले हसू फार समंजस आहे. अर्थात झोंगलीचीही सोडत निघालीच.

खेळाने आपल्या दुकानदारीवर मात केल्याचा एक भाग भाचीने मला तिच्या खात्यावर दाखवला. ऑगस्ट २०२२ मध्ये सुमेरू नावाचा देश खुला झाला. नाव ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारावेत. आत गेल्यावर तर अविद्या वन, लोकपालांचे जंगल, देवांतक पर्वत, अश्वत्थ. तळ्यात नीलोत्पल, झाडांवर कल्पलता. तिथल्या गावाचे नाव गंधर्वांचे. संस्कृतात गंधर्वनगर म्हणजे आकाशात भासणारे, मुळात नसलेले शहर, हे आठवून मला त्या नावाची मौज वाटली. वनदेवतेचे नाव रुक्खदेवता. हा पाली-प्राकृतातला रुक्ख म्हणजे आपल्याकडचा रूख. कोकणीत झाडाला अजून रूखच म्हणतात. शांघायच्या खेळात आजीच्या तोंडचा शब्द भेटावा, ह्याचे नवल वाटले. बाकी सुमेरूत भारत, इराण आणि मिसर एकाच खलात कुटले आहेत, आणि पात्रांचे रंग बहुतेक गोरेच ठेवले आहेत, ह्याबद्दल जगभरच्या खेळणाऱ्यांनी तक्रार केली. ती रास्त आहे.

पण त्या वनात आरण्यक नावाची एक लांब कथा आहे. अरनारा म्हणून वीतभर उंचीचे वनवासी जीव. ते मुलांना दिसतात, मोठ्यांना दिसेनासे होतात. माणसाला ते 'नर' म्हणतात, सणाला 'उत्सव' म्हणतात. त्यांना जागवावयास तंतुवाद्यावर सूर वाजवावे लागतात. अराम, अरपंडू, अरकवी अशी त्यांची नावे, आणि आठवण जपणे हा त्यांचा धर्म. ह्यांतला एकही जीव सोडतीत नाही. त्यांना जिंकता येत नाही, विकत घेता येत नाही, संघात घालता येत नाही. म्हणून त्यांच्यावर नुसते प्रेम करता येते. भाची म्हणाली, 'मला सगळ्या खेळात हेच सगळ्यांत आठवतं.' तिच्या ह्या वाक्यात माझे अर्धे परीक्षण आले.

सोडतीला कायद्याचे बांधही पडत आहेत. जपानने २०१२ साली, ठरावीक बाहुल्यांचा संच पुरा केल्यावर बक्षीस देणारा गाचा बंद पाडला. चीनने २०१७ पासून शक्यतांचे आकडे छापावयास लावले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत गेन्शिनच्या प्रकाशकांनी दोन कोटी डॉलर भरण्याचे आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीवाचून अशा सोडती न विकण्याचे मान्य केले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला, त्याचा रोख मुख्यतः पैसे जिंकण्याच्या आशेवर आहे. गाचात पैसे कोणी जिंकतच नाही. जिंकतो ते एक चित्र आणि एक आवाज. म्हणून कायद्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांचे काम इथे अधिक. पोराच्या फोनला बँकेचे खाते जोडलेले नसावे, हे तर झालेच. पण खेळ हिसकावून घेण्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसून तो डोंगर आपणही पाहावा. मूल सोडतीसाठी खेळते आहे की डोंगरासाठी, हे दहा मिनिटांत कळते, आणि त्यावरून काय बोलावयाचे ते ठरवता येते.

एकंदरीत माझे मत असे. ह्या खेळाचे चित्रकार, संगीतकार आणि त्यातले काही लेखक पहिल्या प्रतीचे कलावंत आहेत, आणि त्यांनी उभी केलेली भूमी रसिकाने पाहण्याजोगी आहे. त्यांच्या कलेवर एक व्यवहार बसला आहे आणि तो कलेला पुरती होऊ देत नाही. भावाला शोधणारी ती बहीण पहिली पाच वर्षे देशामागून देश हिंडली तरी शोध पुरा झाला नव्हता. आणि दुकान उघडे ठेवावयाचे तर तो लवकर पुरा होणे परवडणारेही नाही. शेवट नसलेल्या कथेत कशालाच शेवटचे वजन येत नाही.

तरीही ज्यांना तेवात पाहावयाचे आहे त्यांनी खुशाल जावे. अँबर, कैया आणि लिसा हे तिघे सोबती कथेच्या ओघात प्रत्येकाला मिळतात. त्यांना सोडत नाही, पिटी नाही. प्रवासी बहीण धरून चौघे झाले. एवढ्यांवर डोंगर चढता येतो, तळे ओलांडता येते, लियुएच्या बंदरावर दिवे लागताना पाहता येतात. माझ्या संघात तेच चौघे आहेत आणि मला पाचवा नको आहे.